वर्षभराचा वाचनसंकल्प : मोजायचे ते नेमके काय?

कार्यवाह (प्रश्न)

नमस्कार. तळकोकणातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या सार्वजनिक वाचनालयाचे कार्यवाहपद मी गेली तीन वर्षे सांभाळत आहे. वाचनालय ‘ब’ वर्गातील असून पुस्तके अकरा हजारांच्या आसपास आहेत, एक ग्रंथपाल आणि एक मदतनीस आहेत, आणि बाकीचे काम कार्यकारिणीतील आम्ही काही जण संध्याकाळी येऊन करतो.

गेल्या वर्षी गुढीपाडव्याला आम्ही सर्व वयोगटांसाठी वर्षभराचा ‘वाचनसंकल्प’ जाहीर केला. बारा वर्षांखालील, तेरा ते साठ आणि साठीच्या पुढचे असे तीन गट केले, आणि प्रत्येक गटात जो वर्षभरात सर्वाधिक पुस्तके वाचील त्याला वर्धापनदिनी बक्षीस, एवढीच अट ठेवली. दर्शनी भागात फलक लावून दर आठवड्याला नावापुढे आकडा लिहू लागलो. पहिले तीन महिने देवघेव इतकी वाढली की आमच्या बैठकीत चहाबरोबर पेढेही आले.

पावसाळा लागल्यावर मी नोंदवही नीट चाळली, तेव्हा चित्र वेगळे दिसले. बालविभागातील सोळा-वीस पानी पुस्तकांचीच फक्त ये-जा चालली होती आणि जाड पुस्तके कपाटात होती तिथेच होती. दोन मुलांनी एकाच दिवशी तीन वेळा पुस्तके बदलून नेली होती. तीन खंडांचा इतिहासग्रंथ अडीच महिने टिपणे काढून वाचणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांच्या नावापुढे मात्र ‘३’ हा आकडा होता, आणि तो पाहून त्यांनीच मला हसत विचारले की, “अहो, मला नापास तर करणार नाही ना?” फलकावर एक मुलगी सर्वांच्या इतकी पुढे गेली होती की बाकीच्यांनी नाद सोडला. सुरुवातीला नाव नोंदवलेल्या ६३ जणांपैकी दिवाळीपर्यंत ९ जण उरले.

येत्या पाडव्याला पुन्हा सुरुवात करायची आहे, पण त्याच चुका करायच्या नाहीत. पुस्तकांची संख्या मोजायची नाही, तर काय मोजायचे? सात वर्षांचे मूल आणि पंच्याहत्तर वर्षांच्या आजी यांना एकाच उपक्रमात कसे बसवायचे? पुस्तक खरोखर वाचले आहे याची खातरजमा परीक्षेसारखी न वाटता कशी करायची? आणखी एक प्रश्न एका आजींनी विचारला, त्याचे उत्तर मला देता आले नाही : “मी श्रावणात रोज पोथी वाचते, ती तुम्ही धरणार का?”

निवृत्त ग्रंथपाल

कार्यवाह महोदय, आपण नोंदवही उघडून पाहिलीत याबद्दल प्रथम अभिनंदन. बहुतेक ठिकाणी असे उपक्रम फलकावरच सुरू होतात आणि फलकावरच संपतात. देवघेवीच्या टेबलामागे माझी सत्तावीस वर्षे गेली, तेवढ्या अनुभवावरून लिहितो.

तुम्ही संख्येला बक्षीस लावले आणि वाचकांनी तुम्हाला संख्या दिली, यात त्यांचा काहीच दोष नाही. म्हणून ‘किती’ हा प्रश्नच काढून टाका आणि त्या जागी ‘कोणते’ हा प्रश्न ठेवा. हाउजीच्या तिकिटासारखे एक कार्ड छापा. त्यावर चोवीस चौकोन असू द्या आणि प्रत्येक चौकोनात पुस्तकाचे नाव न देता केवळ एक खूण द्या. आमच्याकडे चाललेल्या काही खुणा सांगतो. तुमच्या जन्मवर्षाच्या आसपास प्रथम प्रकाशित झालेले पुस्तक. दुसऱ्या भारतीय भाषेतून मराठीत आलेले पुस्तक. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी अशा एखाद्या बोलीतील लेखन. कवितासंग्रह, मग तो कितीही बारीक असो. मोठ्यांनी बालविभागातून आणि मुलांनी मोठ्यांच्या कपाटातून निवडलेले पुस्तक. चौघांनी मिळून, भूमिका वाटून घेऊन, मोठ्याने वाचलेले नाटक. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, म्हणजे जाहिराती सोडून, वाचलेला एक दिवाळी अंक. १९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तेव्हापासून घरातील सर्व वयांची माणसे ज्याच्यासाठी आपसांत भांडतात असे मराठीतील प्रकाशन हेच, असे माझे मत आहे, त्यामुळे तो चौकोन कोणीही रिकामा सोडत नाही.

माझा सर्वांत आवडता चौकोन वेगळा आहे. पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेल्या तारखांच्या कागदावर ज्याचा शेवटचा शिक्का दहा वर्षांपूर्वीचा आहे, असे कोणतेही पुस्तक. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतील तिसरे सूत्र ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’ असे आहे. आपण सगळे दुसऱ्या सूत्राच्या, म्हणजे ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ याच्या मागे धावतो आणि तिसरे विसरतो. या एका चौकोनामुळे आमच्याकडे लोक कपाटांपुढे खाली बसून शेवटची पाने उलटू लागले, आणि वर्षानुवर्षे न हललेली पुस्तके बाहेर पडून त्यांना हवा लागली. कोकणातील दमट हवेत याचा उपयोग केवळ वाचकांनाच होतो असे नाही; जे पुस्तक हाताळले जाते त्याला कसर कमी लागते, आणि लागलीच तर लवकर ध्यानात येते.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळा. ‘या महिन्यात अमुक विषय’ असे वेळापत्रक करू नका. प्रवासवर्णनाचा महिना म्हटला की साठ जण एकाच आठवड्यात प्रवासवर्णने मागणार, चांगल्या पुस्तकाची तुमच्याकडे प्रत एकच असणार, आणि राखून ठेवण्याची यादी पुढच्या पाडव्यापर्यंत लांबणार. चौकोन वर्षभर खुले ठेवा, कोणत्याही क्रमाने भरू द्या. गर्दी आपोआप विभागली जाते. दुसरे म्हणजे आकड्यांचा फलक उतरवा. कोण काय वाचतो आणि किती वाचतो, ही गोष्ट गावभर व्हावी असे प्रत्येकाला वाटत नाही, आणि हे मला पुस्तक पदराखाली घालून नेणाऱ्या वाचक भगिनींनी फार पूर्वी शिकवले.

खातरजमेबद्दल : रसग्रहण लिहून मागू नका. मुले मलपृष्ठावरचा मजकूर उतरवून आणतात आणि मोठी माणसे पुस्तकच परत आणत नाहीत. त्याऐवजी पुढच्या वाचकासाठी दोन ओळींची चिठ्ठी पुस्तकात ठेवायला सांगा. आपल्या वाचकांना ही सवय मुळातच असते. रहस्यकथेच्या पहिल्या पानावर ‘खुनी भाचा आहे’ असे पेन्सिलीने लिहून ठेवणारे महाभाग प्रत्येक वाचनालयात सापडतात. ती ऊर्मी चिठ्ठीकडे वळवायची, आणि शेवट फोडायचा नाही एवढी एकच अट घालायची.

साशंक

वरील सूचना चांगल्या आहेत, पण मला मुळात शंका आहे, ती नोंदवतो. ज्याला वाचायचे आहे तो कार्डाशिवायही वाचतो. ज्याला नाही, तो कार्ड भरतो, पण वाचत नाही.

या शंकेला केवळ माझ्या स्वभावाचा आधार नाही. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत एक प्रयोग केला होता. ज्या मुलांना स्केचपेनने चित्रे काढायला मनापासून आवडत होते, त्यांतील काहींना ‘चित्र काढलेत तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधी सांगितले, काहींना काही न सांगता नंतर अचानक प्रशस्तिपत्र दिले आणि काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी पुन्हा मोकळ्या वेळेत तेच स्केचपेन ठेवले, तेव्हा आधी आमिष दाखवलेली मुले इतरांच्या मानाने जवळजवळ निम्माच वेळ चित्रे काढताना दिसली. अचानक प्रशस्तिपत्र मिळालेल्या मुलांची आवड मात्र कमी झाली नव्हती. खेळ होता त्याचे काम झाले, आणि मोबदला थांबल्यावर काम कोण करणार?

आपल्या फलकावर जी मुलगी सर्वांत पुढे होती, ती आता वाचते का? मला उत्तर माहीत नाही, पण कार्यवाहांनी पुढचे कार्ड छापण्यापूर्वी नोंदवहीत हे एकदा पाहावे.

लीड्सकर

मी मूळचा सांगलीचा असून गेली अकरा वर्षे इंग्लंडमध्ये राहतो. येथील सार्वजनिक ग्रंथालयांतून १९९९ पासून उन्हाळी सुट्टीत मुलांसाठी ‘समर रीडिंग चॅलेंज’ चालते आणि माझ्या दोन्ही मुली त्यातून गेल्या, म्हणून त्याची घडण सांगतो. तो वर्षभराचा नाही आणि मुख्यतः चार ते अकरा वयाच्या मुलांसाठी आहे, तरी साशंक यांच्या मुद्द्याला त्यात काही उत्तर सापडेल असे वाटते.

त्याची मूळ रचना सहा पुस्तकांची आहे. सर्वाधिक वाचणारा पहिला, असा प्रकारच नाही. सहा झाली की पूर्ण झाले, आणि सहावे पुस्तक संपवणाऱ्या प्रत्येक मुलाला सारखेच प्रशस्तिपत्र किंवा पदक मिळते. पुस्तक कोणते ते मूलच ठरवते. विनोदांचे पुस्तक, चित्रकथा, डायनोसॉरची माहिती, ऐकण्याचे पुस्तक, काहीही चालते, आणि ग्रंथालयातून नेलेले असले की कोणी नाक मुरडत नाही. माझी धाकटी सलग सहाही पुस्तके मांजरांची घेऊन आली तेव्हा माझ्यातील मराठी बाप अस्वस्थ झाला होता, पण टेबलापाशी बसलेल्या स्वयंसेविकेने शांतपणे विचारले, “या सहांपैकी कोणते मांजर तू घरी नेशील?” पाच मिनिटे ती मुलगी बोलत होती. तीच तिची परीक्षा होती, आणि ती परीक्षा आहे हे तिला कळलेही नाही.

त्यामुळे मला वाटते की आव्हान ठेवावे, पण ते दुसऱ्याशी नसावे आणि गाठता येईल इतके लहान असावे. चोवीस चौकोन मला जास्त वाटतात. कार्ड चोवीसचे ठेवा, पण कोणतेही बारा भरले की संकल्प पूर्ण, म्हणजे महिन्याला एक, असे धरा.

वर्गशिक्षिका

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवते. या चर्चेत आतापर्यंत ज्यांचा विचार झाला ती सगळी वाचता येणारी मुले आहेत. माझ्या वर्गात अशीही मुले आहेत की ज्यांना जोडाक्षर आले की थांबावे लागते, आणि दुसरीच्या पुस्तकातील परिच्छेद सलग वाचताना ज्यांच्या कपाळावर घाम येतो. हे मूल वाचनालयात येते, आपल्या वयाचे म्हणून दिलेले पुस्तक उघडते आणि मिटून ठेवते. ‘बारीक पुस्तके नेतात’ अशी तक्रार ऐकली की मला ते मूल आठवते. बारीक पुस्तक ही लबाडी असेलच असे नाही. काहींची तेवढीच उडी असते आणि ती त्यांनी मारलेली असते.

म्हणून माझी विनंती अशी की कार्डावर वयोगट छापू नयेत. सर्वांना एकच कार्ड असावे. मोठ्यांनी बालविभागातील पुस्तक वाचण्याचा चौकोन त्यात असेल, तर माझ्या वर्गातील मुलगा मोठ्या अक्षरांचे चित्रपुस्तक नेताना कोणाला वेगळा दिसणार नाही, कारण शेजारी उभे असलेले मामलेदार कचेरीतील काकाही तसलेच पुस्तक नेत असतील. वाचनालयाकडे अशी पुस्तके कमी असतील, तर ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे अंक बालभारतीने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत, आणि प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी वाचनाच्या पातळीनुसार मिळतात व त्या छापूनही वापरता येतात. मी दर शुक्रवारी चार-पाच छापून, शिवून ठेवते.

आता आजींच्या पोथीबद्दल. पोथी अवश्य धरावी, पण ‘मोठ्याने वाचून दाखवलेले’ या चौकोनात धरावी. आपल्याकडे पोथी एकट्यासाठी कधी वाचलीच जात नाही. एक वाचतो आणि घर ऐकते. हा चौकोन दोन्ही बाजूंनी चालावा, म्हणजे वाचणाऱ्याचाही भरावा आणि ऐकणाऱ्याचाही. माझ्या एका विद्यार्थिनीच्या आजीला मोतीबिंदूमुळे वाचता येत नाही. नात रोज संध्याकाळी वर्तमानपत्रातील दोन बातम्या वाचून दाखवते आणि आजी तिचे उच्चार सुधारते. त्या मुलीचे वाचन एका वर्षात जेवढे सुधारले, तेवढे मला वर्गात सुधारता आले नसते हे मी प्रामाणिकपणे कबूल करते.

साशंक यांना एवढेच विचारते की, त्या प्रयोगातील मुलांना चित्रे काढण्याची आवड आधीपासून होती ना? जिथे आवड अजून उगवलीच नाही, तिथे ती कमी होण्याची भीती कशी धरायची?

साशंक

बाईंचा प्रश्न रास्त आहे. प्रयोग आधीपासून आवड असलेल्या मुलांवरच होता, आणि तो भाग मी अधिक ठळकपणे सांगायला हवा होता. तरीही बक्षीस आधी जाहीर करू नये, द्यायचेच तर न सांगता द्यावे, एवढे माझे म्हणणे कायम ठेवतो.

वडोदेकर

एक मुद्दा राहिला आहे, तो अंतराचा. आपला संकल्प बाजारपेठेपासून चालत येण्याच्या अंतरावर राहणाऱ्यांचाच राहिला, तर ‘सर्व वयोगटांसाठी’ हे शब्द अपुरे पडतील. महाराज सयाजीरावांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्यास आणले आणि संस्थानात गावोगावी ग्रंथालये काढली, तेव्हा जिथे ग्रंथालय शक्य नव्हते तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या पाठवल्या जात. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रमही पेट्यांवरच चालतो. आपल्या तालुक्यातील लांबच्या वाड्यांवर अंगणवाडी, दूध संकलन केंद्र किंवा एखाद्याची ओटी अशा जागी तीस-चाळीस पुस्तकांची पेटी ठेवून ती दोन-तीन महिन्यांनी पुढच्या वाडीला सरकवली, तर कार्डे तिथेही भरली जातील. पेटीत पुस्तके भरताना कार्डावरील प्रत्येक खुणेचे निदान एक तरी पुस्तक आत पडले आहे एवढे पाहावे.

कार्यवाह

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल कार्यकारिणीची बैठक झाली, तिच्यापुढे ही सगळी चर्चा वाचून दाखवली.

साशंक यांच्या सांगण्यावरून मी त्या मुलीची नोंद पाहिली. वर्धापनदिनाला बक्षीस घेतल्यानंतर चार महिन्यांत तिने दोनच पुस्तके नेली आहेत. ती दहावीच्या वर्षात गेली हेही कारण असेल, पण मला त्या रात्री बरे वाटले नाही.

ठरले ते असे. एकच कार्ड, वयोगट नाहीत, चोवीस चौकोन आणि कोणतेही बारा भरले की संकल्प पूर्ण. फलक उतरवला. बक्षीस जाहीर करणार नाही. पोथीचा चौकोन बाईंनी सुचवल्याप्रमाणे ठेवला, आणि ते मी स्वतः जाऊन आजींना सांगितले. त्यांनी “मग अधिक महिन्यातली वेगळी धरा” असा पुढचा अर्ज लगेच केला आहे. पेट्या यंदा दोन वाड्यांपुरत्याच जमतील, कारण ने-आण करायला रिक्षा मिळणे हेच अवघड आहे, आणि आषाढात लावणीच्या दिवसांत पेटी उघडायलाही कोणाला उसंत नसते. म्हणून पहिली पेटी गणपतीच्या आधी आठ दिवस पाठवू, म्हणजे मुंबईहून येणारे चाकरमानी आणि त्यांची मुलेही हात घालतील. त्यांच्यासाठी आणखी एक सोय केली आहे. कार्ड कुटुंबाच्या नावानेही घेता येईल. अर्धे चौकोन मुंबईत आणि अर्धे गावी भरले तरी चालतील, आणि मुंबईत वाचलेल्या पुस्तकाची चिठ्ठी टपालाने किंवा फोटो काढून पाठवली तरी आम्ही ती फाइलला लावू.

एक प्रश्न मात्र बैठकीत सुटला नाही आणि त्यावर अर्धा तास वाद झाला. अर्धवट सोडलेल्या पुस्तकाचे काय करायचे? आमचे अध्यक्ष म्हणतात, घेतलेले पुस्तक पूर्ण वाचलेच पाहिजे, नाहीतर संकल्प कसला. ग्रंथपालबाई म्हणतात, अशाने लोक सोपीच पुस्तके निवडतील.

निवृत्त ग्रंथपाल

या वादात मी तुमच्या ग्रंथपालबाईंच्या बाजूचा आहे. पूर्ण करण्याची सक्ती असली की वाचक जोखीम घेत नाही. ओळखीचा लेखक, ओळखीचा विषय, असे करत तो पुन्हा आपल्या नेहमीच्या कपाटापाशी येतो, आणि मग दहा वर्षे न हललेल्या पुस्तकांचा चौकोन कोण भरणार? अध्यक्षांचा मान राखायचा असेल, तर चोवीसपैकी एक चौकोन ‘मी हे पुस्तक सोडून दिले’ असा ठेवा, आणि तो भरण्यासाठी कितव्या पानावर व का सोडले हे चिठ्ठीत लिहिणे बंधनकारक करा. सोडण्याची कारणे लिहिलेल्या चिठ्ठ्या पुढच्या वाचकाला स्तुतीपेक्षा जास्त ओढतात. ‘पान ४० नंतर नुसती वर्णने’ असे वाचून ते पुस्तक मुद्दाम मागणारे वर्णनवेडे मी पाहिले आहेत. नव्या खरेदीची यादी करताना त्या चिठ्ठ्या समोर घेऊन बसा.

अधिक महिन्याची पोथी वेगळी धरू नका, नाहीतर आजी पाडव्यापूर्वीच कार्ड संपवतील. आणि कार्ड जाड पुठ्ठ्यावर छापा; तुमच्याकडच्या पावसात साधा कागद नारळी पौर्णिमेपर्यंतही टिकणार नाही.